परीक्षकाने सुचवलेले चार निबंध

विभागात त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे आकडेशास्त्री. अभ्यास पेशींचा, पण हल्ली सगळा जीव आकड्यात: आपल्या शोधनिबंधांचा उल्लेख जगात किती जणांनी केला, त्या आकड्यात. सकाळी आधी आकडा, मग चहा. तो हलला नाही की घरात कुणाची धडगत नसे. यंदा विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि यांचं घोडं नेमकं आकड्यापाशीच अडलं होतं.

त्यावर सरांनी एक युक्ती काढली होती. जर्नलवाले छापण्याआधी निबंध जाणकार परीक्षकाकडे तपासायला पाठवतात. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळत नाही आणि तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला. सर तपासून झाल्यावर हळूच शेरा मारत: अमुक अमुक निबंधांचा उल्लेख करावा. ते निबंध अर्थातच सरांचे. लिहिणाऱ्याला छापून यायची घाई, तो मुकाट्याने नावं घाली.

मागच्या हिवाळ्यात असाच एक निबंध आला. सरांनी तो वरवर चाळला, शेवटच्या पानापर्यंतही गेले नाहीत. खरडून टाकलं: ‘लेखकाला या विषयातलं अलीकडचं काम ठाऊक दिसत नाही. पुढील चार निबंधांचा उल्लेख आवश्यक.’ आणि विसरून गेले.

आज सरांना शिकवलेल्या बाईंचा फोन आला. सरांच्या डोळ्याला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक लावला तो बाईंनी. सरांच्या पहिल्या निबंधावर आधी बाईंचंही नाव होतं. “काम तुझं, नाव तुझं,” म्हणून त्यांनीच ते खोडलं होतं. निवृत्त झाल्या तरी जुन्या प्रयोगशाळेतली कोपऱ्यातली खोली त्यांनी सोडली नव्हती. खुर्चीसाठी शिफारसपत्र सरांनी त्यांच्याकडेच मागितलं होतं, म्हणून ते लगबगीने गेले.

“पत्र लिहून ठेवलंय तिथे,” बाई म्हणाल्या. “आणि हा माझा पेपर. आला एकदाचा छापून. शेवटचाच म्हणायचा आता.”

सरांनी सवयीने आधी शेवटचं पान उघडलं. संदर्भांच्या तळाशी त्यांचं नाव, एकाखाली एक, चार वेळा. चेहरा खुलला. “बाई, तुम्ही माझे...” म्हणत त्यांनी पहिलं पान उलटून शीर्षक वाचलं, मग पुन्हा वाचलं. डोळ्याच्या भिंगातल्या पेशी. तोच हिवाळ्यातला निबंध.

“परीक्षक म्हणाले, घाला,” बाई सांगत होत्या. “चारही वाचले मी. सगळे यकृताचे. म्हटलं, आपलंच काही चुकत असेल, वय झालं. पुन्हा वाचले.”

“बाई, तो परीक्षक...”

“अरे, चार निबंध आणि चारही एकाच माणसाचे. पेशी मोजण्यात जन्म गेला माझा. एवढं मोजता येणार नाही मला?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सरांना कुठे बघावं कळेना. एवढा मोठा माणूस, पण वर्गात चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा उभा होता.

“तुझं इतकं अडलं होतं तर मला सांगायचंस,” बाई म्हणाल्या. “आणि यादीत अगदी वर बघ. तुझा पहिला निबंध. भिंगाच्या पेशींवरचा. तो मी आपणहून घातला होता, पहिल्यापासून. काम चांगलं होतं ते. तुला दिसला नाही का तेव्हा?”

सरांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन ओळी नीट वाचल्या असत्या तरी बाईंचा हात ओळखता आला असता.

“पत्र घे आणि जा. उशीर होईल तुला.”

पाकीट हाताशी होतं. सरांनी ते बाईंकडे परत सरकवलं. “पत्र नको, बाई.”

“मग काय हवंय?”

“इथेच थोडा वेळ बसू द्या. तुमचा पेपर वाचायचा राहिलाय.”