काटा अचूक आहे

वाद्यवृंदाचा इतिहास लिहिण्याचे काम प्राध्यापक श्रेणिक मगदूम यांच्याकडे आले, ते त्यांना संगीत कळत होते म्हणून नव्हे. सांगलीच्या त्या जुन्या कॉलेजात ऐकीव गोष्टीवर त्यांच्याइतका कमी विश्वास ठेवणारा दुसरा माणूस नव्हता, आणि नव्या प्राचार्यांच्या मते इतिहास लिहायला तेवढे भांडवल पुरेसे होते. विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद १९२२ साली सुरू झाला. म्हणजे १९४७ च्या डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनात त्याचा रौप्यमहोत्सव होणार होता आणि त्या दिवशी चाळीस पानांची पुस्तिका निघायची होती.

मगदूम पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी प्रयोगवहीच्या शिस्तीने कामाला हात घातला. संस्थापकांनी बोटातली अंगठी विकून पहिली पेटी आणली, अशी आख्यायिका होती. ती पेटी मोडीत निघालेल्या एका नाटक कंपनीच्या लिलावातून आली होती, हे एका पत्राने सिद्ध झाले. अंगठी पुस्तिकेतून गेली. पहिल्या वर्षी चौदा सतारी होत्या, असे जुने विद्यार्थी छातीठोकपणे सांगत. छायाचित्रात चार मोजता आल्या. त्यांपैकी एक दिलरुबा निघाला.

राहिले होते १९४३ चे प्रकरण.

ते सगळ्या कॉलेजला पाठ होते. त्या जानेवारीत संमेलनाला एक गोरा साहेब पाहुणा म्हणून आला होता. वाद्यवृंदाचा म्होरक्या मानसिंग साबळे याने खूण केली आणि पाच सतारवादकांनी भर कार्यक्रमात आपापली बाजाची तार, म्हणजे जिच्यावर सारे वादन चालते ती मुख्य तार, कापून टाकली. तेव्हाच्या प्राचार्यांनी मानसिंगला कॉलेजातून काढले. दाखल्यावर ‘वर्तन असमाधानकारक, असत्य बोलण्याची सवय’ असा शेरा मारला. पंधरा ऑगस्टनंतर त्याच शेऱ्याला तेज चढले. मानसिंगचा सत्कार करायचा आणि त्याला वाद्यवृंदाचा पगारी शिक्षक नेमायचे, असे कॉलेजच्या नियामक मंडळाने ठरवले होते. पुस्तिकेतली दोन पाने त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

मगदूमांना त्या निषेधाविषयी आकस नव्हता. अडचण पकडींची होती. पोलादी तार ब्लेडने कापली जात नाही. पाच जणांनी पाच पकडी सदऱ्याखाली लपवून आणल्या, एकदम काढल्या, आणि चारशे प्रेक्षकांपैकी एकालाही त्या दिसल्या नाहीत, हे त्यांच्या गळी उतरेना. म्हणून एका रविवारी ते मिरजेला गेले. कॉलेजच्या सतारी भाऊसो कारागिराकडे दुरुस्तीला जात.

भाऊसो भोपळ्याला रंधा मारत होता. त्याने हात थांबवला नाही.

“कापल्या? कुनी सांगितलं तुमास्नी?”

“सगळेच सांगतात.”

“सगळ्यांनी सतारी आनल्या न्हवत्या माज्याकडं.” त्याने फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. लढाईत तार मिळत नव्हती. तुटके तुकडेही तो छोट्या वाद्यांसाठी जपून ठेवी. “ह्यो बगा. पकडीनं तोडली की टोक चपटं हुतं. ह्यी टोकं बारीक हून गेल्यात. ताणून तुटल्यात सर, पाचीच्या पाची.”

मगदूमांनी खिशातले भिंग काढून पाचही टोके पाहिली. म्हातारा बरोबर सांगत होता.

“लढाईतली तार ती,” भाऊसो म्हणाला. “मी पोरास्नी सांगून धाडलं हुतं, पेटीच्या काळी एकच्या वर चढवू नगा. कुनीतरी शहाण्यानं चढवली.” मग त्याने कोपऱ्यातली अर्धी गुंडाळी पुढे टाकली. “त्यातलीच राहिल्याली. न्या. कुनी घेत न्हाई.”

मिरजेहून सांगलीला गाडीने फार वेळ लागत नाही, पण तेवढा पुरला. मगदूमांच्या पिशवीत पुस्तिकेचा कच्चा मसुदा होता. त्याच्या सव्विसाव्या पानावर त्यांनी स्वतःच, थोड्याशा समाधानाने, लिहिले होते: ‘१९४३ च्या संमेलनात वाद्यवृंदाचा षड्ज प्रथमच शास्त्रीय पद्धतीने निश्चित करण्यात आला.’ तारा कापल्याची हकीकत सत्ताविसाव्या पानावर होती. दोन्ही पाने एका पाठोपाठ लिहूनही त्यांचा एकमेकांशी संबंध जोडायचे त्यांना सुचले नव्हते.

त्या दिवशीचे भांडण त्यांना लख्ख आठवत होते. पाहुण्यासाठी नवी पेटी उसनी आणली होती आणि जुन्या पेटीशी तिचा सूर जुळत नव्हता. तेव्हा सव्वीस वर्षांचे असलेल्या मगदूमांनी प्रयोगशाळेतून, ठोकला की एकच ठरावीक सूर देणारा नादकाटा आणला होता. त्यावर २८८ हा आकडा कोरलेला होता; सेकंदाला तितकी कंपने. ‘दोन्ही पेट्या बाजूला ठेवा,’ असे ते म्हणाले होते. सोमवारी त्यांनी अडगळीतून जुनी पेटी काढवली आणि तिच्या काळी एकचा सूर मोजला. दोनशे बहात्तर. २८८ पर्यंत चढवायला तारेवरचा ताण बारा टक्के वाढवावा लागतो. हे गणित इंटरच्या वर्गाला ते दरवर्षी घालत.

आठवड्याने ते साताऱ्याला गेले. मानसिंग तिथे एका शाळेत तासांवर गायन शिकवत होता; पदवी नसल्याने कायमची जागा मिळत नव्हती. शाळेमागच्या खोलीत त्याने त्यांना सतरंजीवर बसवले आणि चहा ठेवला.

“तारा तुटल्या होत्या,” मगदूम म्हणाले. “कापल्या नव्हत्या.”

“व्हय.”

“तू कधी सांगितलं का नाहीस?”

मानसिंगने स्टोव्हची ज्योत कमी केली. “सर, मी दुसरं काय बी सांगितलंच न्हाई. तवा प्राचार्यांना सांगितलं, तुटल्या. ते म्हणाले, खोटं बोलतोस. आता गावात सांगतो, तुटल्या. लोक म्हणतात, काय नम्र माणूस हाय. खरं एकच, पण दोन्ही बारीला कुनी घेतलं न्हाई.”

“काट्याचं त्यांना सांगितलं होतंस?”

“सांगितलं की. मिरजेच्या कारागिरानं चढवू नगा म्हणून सांगितलंय, हे तुमाला बी सांगितलं हुतं. तुमी म्हणालात, कारागीर कानानं सांगतो, आपण मोजून सांगतो.” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. धडा म्हणून दाखवावा तसे तो सांगत होता. “मग प्राचार्यांनी तुमच्याकडं चिठ्ठी धाडली. काटा बरोबर हाय का म्हणून.”

 चिठ्ठी. ती मगदूमांच्या आठवणीत होती, पण निव्वळ एक कामाचा कागद म्हणून. शिपाई दुपारी आला होता. त्यांनी तो काटा दुसऱ्या काट्याशी ताडून पाहिला होता, आणि त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहिले होते: ‘काटा अचूक आहे.’ चूक हजारात एकाहून कमी निघाली होती. ते का विचारले जात आहे, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती.

“ती चिठ्ठी त्यांनी मला वाचून दाखवली,” मानसिंग म्हणाला. “म्हणाले, काटा बरोबर हाय, म्हणजे चढवून तार तुटली हे खोटं. आणि मग दाखला लिवला.”



“मी हे छापणार आहे,” मगदूम म्हणाले. “पण छापलं तर तुझा सत्कार होणार नाही. जागाही जाईल. तू नको म्हणालास तर ती दोन पानं कोरी सोडेन. कापल्या असं मात्र माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.”

मानसिंगने चहा गाळला. “माझे वडील हवालदार हुते सर, पलटणीत. शाळा न्हाई शिकलेले. थोरला भाऊ अजून लष्करात हाय, त्याची पत्रं येतात. ती मी वाचून दाखवायचो, लहानपणापासनं. दाखला आला तवा त्यांनी तो मास्तराकडनं वाचून घेतला. तारा कापल्या ह्याचं त्यांना काय न्हाई. पण असत्य बोलण्याची सवय, असं कागदावर आलं. त्या दिवसापासनं, मी घरात असलो तरी, पत्र आलं की दोन मैल चालत मास्तराकडं जातात. म्हणतात, खोटं बोलणाऱ्यानं पत्र वाचलं तर मी खरं काय समजायचं?”

“अजूनही?”

“परवाच गेले हुते. गुडघं दुखतात तरी.” त्याने कप पुढे सरकवला. “लिवा सर. जागा काय, तासांवर बी चाललंय.”

नव्या प्राचार्यांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मगदूम, मी इतिहास मागितला होता. हा पंचनामा आहे.”

“प्रयोगशाळेत चलावं, साहेब. दहा मिनिटं लागतील.”

मगदूमांनी सोनोमीटर मांडून ठेवला होता: एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर भाऊसोच्या गुंडाळीतली तार, टोकाला वजने. दोनशे बहात्तरला तार व्यवस्थित वाजत राहिली. मगदूमांनी वजने वाढवत ती २८८ वर आणली आणि नखीने जोरात, वादक द्रुत लयीत मारतात तशी छेडत राहिले. चौथ्या मिनिटाला ती तुटली. प्राचार्य दचकून मागे सरले. मग पुढे येऊन त्यांनी टोक उचलले. ते बारीक होत गेले होते. मगदूमांनी अशा सात तारा लावल्या; पाच तुटल्या, दोन टिकल्या. टिकलेल्या दोन तारांचाही उल्लेख पुस्तिकेत करायचा, असा त्यांचा आग्रह होता.

“हे त्या वेळी कुणी करून पाहिलं नाही?”

“मी करायला हवं होतं. विचारलं मलाच होतं.”

प्राचार्यांनी टोक टेबलावर ठेवले. “छापा. जागेचं मात्र आता अवघड आहे. मंडळानं ती मंजूर केली होती ती निषेधासाठी. तार तुटल्याबद्दल जागा कोण देणार?”

“त्याला ते ठाऊक आहे.”

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संमेलन झाले. मंडळाने शिक्षकाची नेमणूक पुढे ढकलली होती आणि सत्काराचा हार दुसऱ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडला. मानसिंग आला तो माजी वादक म्हणून, सतार घेऊन. त्याच्याबरोबर काठी टेकत एक उंच म्हातारा होता, लष्करी कोट, छातीवर दोन बिल्ले. दुपारची वेळ होती. मांडवात मुले जुन्या पेटीच्या काळी एकवर तारा लावत होती.

“हे माझे वडील, सर. कोंडीबा हवालदार.”

मगदूमांनी नमस्कार केला आणि पुस्तिका म्हाताऱ्याच्या हातात दिली, सत्ताविसावे पान उघडून. त्या पानावर तारा, काटा, चिठ्ठी, पाच तुटलेल्या आणि दोन टिकलेल्या, सगळे होते. शेवटी लिहिले होते: ‘मानसिंग साबळे यांनी दिलेली हकीकत पहिल्यापासून खरी होती. ती खोटी ठरली, याला प्रस्तुत लेखकाचे उत्तर कारण झाले.’

म्हाताऱ्याने पान लांब धरले, मग जवळ आणले. अक्षरांवरून त्याची नजर नुसती फिरली.

“ह्ये तुमी लिवलंय?”

“हो.”

“कोण बोलला म्हणून, का बघून?”

“मोजून,” मगदूम म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी भर घातली, “आणि मिरजेच्या कारागिराला विचारून.”

म्हाताऱ्याने मान हलवली. आजूबाजूला वाचून दाखवू शकतील अशी पन्नास माणसे होती. एक प्राध्यापक तर समोरच उभा होता. म्हाताऱ्याने पुस्तिका मुलाकडे केली.

“वाच,” तो म्हणाला. “सावकाश. मला समदं ऐकायचंय.”

मानसिंगने सतार खांबाला टेकवून ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. मगदूम थोडे दूर गेले. पेटीजवळ एका मुलाची तार उतरली होती. ती त्यांनी कानाने ऐकली. खिशातला काटा बाहेर काढला नाही.