तिसऱ्या कमानीतलं पाणी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्यात डोकावलात तर तळाशी निळे, तपकिरी, राखाडी थर दिसतील. ते रंगाच्या पाण्याचे आहेत. बाहेरून मी पार गंजलोय. पूर्वी त्याचं वाईट वाटायचं, आता काही वाटत नाही.

कारखान्यातून मी निघालो तो पोटात कॉफीची पावडर घेऊन. ती संपली आणि छत्रीवाल्या मावशींनी मला ठेवून घेतलं. शहरातल्या जुन्या टपालघराला दगडी कमानी होत्या. तिसऱ्या कमानीखाली बसून मावशी छत्र्या दुरुस्त करायच्या, आणि छत्र्यांच्या काड्या माझ्यात ठेवायच्या.

एका रविवारी शाळेतले चित्रकलेचे मास्तर टपालघराचं चित्र काढायला आले. आल्या आल्या त्यांची पाण्याची बाटली फुटली. मावशींनी माझ्यातल्या काड्या फडक्यावर ओतल्या, मला कमानीतल्या नळाखाली धरलं आणि मास्तरांपुढे ठेवलं. म्हणाल्या, "घ्या मास्तर. एवढ्यासाठी घोडं अडायला नको."

तेव्हापासून मी मास्तरांचा झालो. बावीस वर्षं दर रविवारी ते मला घेऊन यायचे. पाणी गढूळ झालं की मावशी हातातलं काम टाकून मला पुन्हा भरून द्यायच्या. मास्तरांचा हात मोठा सफाईदार. दगडाचा सांधा न सांधा टिपायचे आणि खाली न चुकता तारीख घालायचे. मात्र विजेच्या तारा, पाट्या, दुकानं गाळायचे. इमारत मोकळी दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रदर्शनात लोक म्हणायचे, "वा! काय देखणी इमारत!" मीही फुगायचो. पाणी माझ्यातलं होतं ना!

मग टपालघर पाडून तिथे काचेची इमारत बांधायचं ठरलं. कमानीखाली वीस वर्षं बसल्याचा पुरावा जो देईल, त्याला नव्या इमारतीत गाळा मिळणार होता. मावशींना ती जागा जुन्या टपालमास्तरांनी नुसत्या शब्दावर दिलेली, आणि ते केव्हाच वारले होते. कागद नाही, फोटो नाही. कचेरीतला कारकून भला माणूस होता. म्हणाला, "तारीख घातलेलं जुनं चित्र असलं तरी चालवून घेऊ." मावशी हसत हसत मास्तरांच्या घरी आल्या.

"काढा हो सगळी चित्रं! माझं काम झालंच म्हणायचं."

मास्तरांनी पलंगावर चित्रं पसरली. मावशींनी एकेका चित्रातल्या तिसऱ्या कमानीवर बोट ठेवलं. तिथे सावली होती. सुरेख, निळसर सावली.

"मास्तर, मी कुठाय?"

मास्तर चित्रांच्या कडा सरळ करू लागले. "अहो मावशी, चित्रात जागा जरा मोकळी ठेवतात..."

"अगं बाई! बावीस वर्षांत एकदासुद्धा नाही?"

"आत्ता काढतो. पाच मिनिटांत काढतो." त्यांनी खरोखरच ब्रश माझ्यात बुडवला. मावशींनी त्यांचा हात धरला.

"नको. जुन्या तारखेवर नवी बाई बसवणार? मी खरी बसले होते, मास्तर. मग खोटं कशाला?"

त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "तेवढा माझा डबा द्या. काड्या ठेवायला काही नाही."

मास्तरांनी पाणी ओतलं, मला सदऱ्याने पुसलं आणि दिलं.

यादी लागली. तिच्यात मावशी नव्हत्या. आता आम्ही काचेच्या इमारतीसमोर फुटपाथवर उन्हात बसतो. कुणीतरी परत न नेलेली छत्री मावशींनी डोक्यावर बांधली आहे. मास्तर अजूनही रविवारी येतात. आता चित्रात तारा काढतात, पाट्या काढतात, मावशींनाही काढतात आणि तारीख घालतात. पाणी घरून बाटलीत आणतात. मावशी मान वर करत नाहीत. मी दोघांच्या मध्ये असतो, काड्यांनी भरलेला.

मित्रांनो, मला घासा, रंगवा, जपून ठेवा असं काही मी म्हणणार नाही. माझं झालं ते झालं. फक्त चित्र काढायला बसलात की पाणी कुणी भरून दिलं ते बघा, आणि त्याला चित्रात घ्या. त्याच दिवशी घ्या.