गिळत होते ती फक्त गोळी

आमचे हे चहा चाखतात. चहाच्या कंपनीत त्यांचं कामच ते. लांबलचक टेबलावर कपांची रांग असते. हे चमच्याने घोट घेतात, तोंडभर खेळवतात, पिकदाणीत थुंकतात आणि पुढच्या कपाकडे सरकतात. घोट गिळायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा यांच्या गुरूंनी घालून दिलेला: सकाळचं चाखणं संपेपर्यंत पोटात अन्नाचा कण जाऊ द्यायचा नाही, खाल्लेली जीभ खोटं बोलते. त्यामुळे लग्न झाल्यापासून सकाळचा नाश्ता मी समोरच्या भिंतीकडे बघत एकटीच करत आले.

गेल्या वर्षी यांचा उजवा गुडघा बिनसला. उभं राहून राहून टम्म सुजला. मी म्हटलं, "खुर्ची घ्या."

"खुर्चीत बसून चाखणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," हे म्हणाले. "आणि एकदा बसलो की टेबल गेलंच समज. जाड्या टपलेलाच आहे."

जाड्या म्हणजे यांच्या हाताखालचा चाखणारा. बिचारा कशावरही टपलेला नव्हता, पण आपली जागा जाणार ही धास्ती यांनी घेतली ती घेतलीच.

मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून सूज उतरवणारी, वेदना थांबवणारी गोळी आली. सकाळी एक, दुपारी एक, आणि गुडघ्याने फारच कुरकुर केली तर मधे आणखी एक. हे महिनोन् महिने चाललं. सकाळची गोळी अर्थातच रिकाम्या पोटी, कारण नियम म्हणजे नियम. सगळं थुंकून टाकणारा हा माणूस सकाळभर गिळत होता ती फक्त गोळी.

हळूहळू चेहरा पांढरा पडायला लागला. जिना चढताना मधेच थांबून हे भिंतीच्या रंगाचं कौतुक करू लागले. मी विचारलं, पोटात दुखतं का? तर म्हणे अजिबात नाही. खरंच दुखत नसावं. दुखणं कळू न देणं हेच तर त्या गोळीचं काम. शेवटी एका सकाळी मोजे घालता घालता हे जमिनीवर बसले आणि काही केल्या उठता येईना. मी टेबलाबद्दल एक अक्षरही ऐकून न घेता टॅक्सी बोलावली.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, गोळ्यांचं विचारलं आणि म्हणाल्या, "शौचाचा रंग कसा आहे?"

हे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचू लागले.

"अहो, चहाच्या रंगाला तुमच्याकडे ढीगभर शब्द आहेत," मी म्हणाले. "आता काय झालं?"

यांनी सवयीने डोळे मिटले. "काळा," म्हणाले. "चकाकी आहे. डांबरासारखा चिकट. वास वाईट."

"किती दिवस?"

"झाले असतील आठ-दहा."

डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच हॉस्पिटलला फोन लावला. मला यांच्यावर ओरडायचं होतं, पण आधी खाली जाऊन दुसरी टॅक्सी थांबवली.

घशातून दुर्बीण घातली तर जठरात दोन व्रण, त्यातल्या एकातून रक्त झिरपतंय. ते तिथल्या तिथे बंद केलं, वरून रक्त चढवलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई बघायला आल्या तेव्हा यांनी विचारलं, "गुडघ्याच्या गोळीचा पोटाशी काय संबंध?"

"सूज आणणारी जी रसायनं ही गोळी अडवते, त्यांच्याच भावंडांकडे पोटाच्या अस्तराची राखण असते. गोळी रक्तातून सगळीकडे जाते, तिला गुडघा कुठला नि पोट कुठलं कळत नाही. रिकाम्या पोटी घेतलीत हे वाईटच, पण भरल्या पोटी घेतली असती तरी इतक्या गोळ्यांनी हेच झालं असतं. आता ती पूर्ण बंद. ही दुसरी, पोटातलं आम्ल कमी करणारी, घ्यायची, रोज नाश्त्याआधी अर्धा तास."

"मी नाश्ता करत नाही."

"आता करता," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

हे छताकडे बघत राहिले. "गेलं टेबल," म्हणाले.

"जाऊ दे," मी म्हणाले. "मला टेबल नको, तुम्ही हवे आहात." असलं वाक्य मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

नेमका त्याच वेळी जाड्या केळी घेऊन आला. सगळं ऐकून पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, रागावू नका. मी रोज खाऊनच येतो. दोन अंडी आणि ब्रेड. पहिल्या दिवसापासून."

हे उशीवरून अर्धे उठले. "तो कुबट वासाचा चहा तू पकडलास, माझ्या हातून निसटलेला, त्या दिवशीही खाऊन आला होतास?"

"त्या दिवशी लोणीपण होतं."

कामावर परत जायच्या दिवशी मी घरच्या टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. जाड्याने कंपनीत चाकांचं स्टूल आणून ठेवल्याचा निरोप आला होता. त्यावर बसून रांगभर सरकायचं यांनी कबूल केलं होतं. अर्ध्या तासापूर्वीची गोळी झाली होती. ब्रेड खाल्ला, अंडं खाल्लं. मग माझ्या चहाचा घोट घेतला, तोंडभर खेळवला आणि पिकदाणी शोधत इकडेतिकडे पाहिलं.

मी नुसती बघत होते. यांनी घोट गिळला.

"जरा जास्त उकळलाय," हे म्हणाले. "इतकी वर्षं एकटी हाच पीत होतीस?"

"हो."

यांनी कप पुढे केला. "अजून अर्धा दे."