डोंगरगड गेल्यावरच उघडणारा डबा

मी एक जुना, चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. ज्या उन्हाळ्यात गुलाबराव आणि रुक्माबाईंचं लग्न झालं, त्याच उन्हाळ्यात मी या घरात आलो. गुलाबरावांच्या मोठ्या बहिणीने, शेवंताबाईंनी, मला आहेरात दिलं. माझ्या झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

मित्रांनो, गुलाबराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला, घर सेक्टर दोनमध्ये. शेवंताबाई मुंबईला. त्यामुळे माझी उमर आगगाडीत गेली. मला किलोमीटर कळत नाहीत. नागपूर म्हणजे एक कप्पा, भुसावळ म्हणजे तीन आणि मुंबई म्हणजे चारही रिकामे. रुक्माबाईंचा नियम होता, डोंगरगड स्टेशन मागे पडल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मुलं दुर्गपासूनच माझ्याकडे बघत बसायची.

मुंबईत शेवंताबाई मला घासून पालथा घालायच्या आणि दरवेळी भावाला टोमणा मारायच्या, की माझ्या नावाचा डबा माझ्या घरी कधी भरलेला आला नाही.

पुढे मुलं मोठी झाली, प्रवास थांबले. मी कपाटावर गेलो. धूळ बसली, कडी सैल झाली.

मग एका हिवाळ्यात शेवंताबाईंच्या मुलीचा, खुशबूचा, फोन आला. डॉक्टरांनी आईला घरी पाठवलं होतं. आई काही खात नव्हती. वहिनीच्या हातची भाकर आणि जवसाची चटणी, एवढंच मागत होती. आगगाडीने उशीर होईल म्हणून खुशबूने रायपूरहून विमानाची तिकिटं काढली. दोन तासांत पोचाल, म्हणाली.

गुलाबरावांना पटेना. अंतर तेवढंच, मग वेळ कुठे जातो? रुक्माबाईंनी वाद घातला नाही. मुंबईला जायचं म्हणून मला खाली काढलं आणि सवयीने चारही कप्पे भरले.

रायपूरच्या विमानतळावर बसून बसून गुलाबरावांना भूक लागली. रुक्माबाई म्हणाल्या, अजून गाडी सुटली कुठं? विमान उडाल्यावर गुलाबरावांनी पुन्हा डबा मागितला.

"डोंगरगड गेल्याबिगर नाही उघडत," रुक्माबाई म्हणाल्या.

"ढगात कोनं पाटी लावली डोंगरगडची?"

शेजारचा प्रवासी हसला आणि म्हणाला, मावशी, नागपूरसुद्धा मागे पडलं. रुक्माबाईंनी कडीला हात लावला, तोच पट्टे बांधायची सूचना झाली. विमान उतरू लागलं होतं.

मित्रांनो, अशा रीतीने मी पहिल्यांदाच मुंबईला भरलेला पोचलो. भाकर अजून मऊ होती. शेवंताबाईंनी उशाशी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं.

"आज भरून आला माझा डबा," त्या म्हणाल्या. चतकोर भाकर त्यांनी चटणीशी खाल्ली. उरलेलं सगळ्यांनी त्यांच्या खाटेभोवती बसून खाल्लं.

आता मी पुन्हा रुक्माबाईंच्या ओट्यावर असतो. कडी नवी बसवली आहे. मी सुखात आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल. त्याला खाली काढा, वापरा. फक्त त्यावर कोरलेलं नाव हलक्या हाताने घासा.

शेवंताबाई त्याच हिवाळ्यात, १९ जानेवारी २०२४ रोजी सकाळी, आपल्या घरी वारल्या.