खसेची ताटी आणि माझा ताप

मित्रांनो, मी नागपूरची एक जुनी मोटार आहे. झिंगाबाई टाकळीत एका घरापुढे उभी असते. चोवीस उन्हाळे पाहिलेत मी, आणि नागपूरचे चोवीस म्हणजे दुसऱ्या गावाचे पन्नास धरावेत. रंग पांढरा होता, आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. 'खटारा' मात्र म्हणू नका. तो शब्द मला लागतो.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कोणी मला दार बसवलं, कोणी काच, आणि शेवटी एका बाईने बॉनेटवरून फडकं फिरवून हलकेच थाप दिली, जणू 'जा आता' म्हणाली. ट्रेलरवर चढून मी नागपूरला आले आणि रुपरावजींच्या घरची झाले. रुपरावजी हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. स्वतः कंपनीच्या बसने ड्यूटीला जायचे आणि मला रविवारसाठी राखून ठेवायचे. त्यांच्या मुलाला, ऋषिकेशला, मी तापात दवाखान्यात नेलं, परीक्षेला नेलं आणि फुलं लावून लग्नालाही नेलं. मला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत माझी तपासणी झाली. मी पास झाले, तर रुपरावजींनी मला हार घातला आणि शेजारी पेढे वाटले. स्वतः रिटायर झाले तेव्हा एवढे खूश नव्हते.

पुढे ऋषिकेशने स्वतःची नवी गाडी घेतली. माझ्या वायपरखाली पाचोळा साचू लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शनिवार माझा होता. रुपरावजींच्या पत्नी पंचफुलाबाई यांची थोरली बहीण, बायजाबाई, खाप्याला राहते. तिला उठून चालता येत नाही. दर शनिवारी पंचफुलाबाई जाऊन तिचे केस धुऊन देतात, तेल लावतात, वेणी घालतात. पंचफुलाबाईंच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या झेपत नाहीत आणि ऋषिकेशला शनिवारीही कामावर जावं लागतं. म्हणजे मी निघाले तर बहिणींची भेट, नाहीतर नाही.

यंदा एप्रिलमध्ये घरोघरी कूलर निघाले. रुपरावजींनी कूलरला नवी खस भरली. खस म्हणजे ती वाळ्याची सुगंधी मुळं. त्या मुळांच्या ताटीवर, म्हणजे जाड पडद्यावर, पाणी पडलं की आत येणारी हवा गार होते. मागच्या वर्षीच्या ताटीचा एक चांगला तुकडा उरला होता. तो हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्यात एसी नाही.

"आपण गारव्यात झोपतो," ते पंचफुलाबाईंना म्हणाले, "आन ही बिचारी उन्हात तापून राहिली."

त्यांनी तुकडा मापात कापला आणि माझ्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या अगदी समोर, तांब्याच्या तारेने बांधला. वरून मगभर पाणी ओतलं. मित्रांनो, रेडिएटर म्हणजे माझं नाक आणि फुप्फुस दोन्ही. इंजिनात तापलेलं पाणी तिथे येतं, समोरच्या वाऱ्याने निवतं आणि परत जातं. पहिले दोन दिवस मलाही मजा वाटली. गाडीत वाळ्याचा वास दरवळला आणि पंचफुलाबाई म्हणाल्या, "अगाई, कूलरच बसवला जणू." पण रस्त्यावरची धूळ ओल्या खसेवर बसली, वाळली, पुन्हा बसली. पंधरा दिवसांत त्या ताटीची भिंत झाली.

शहरात हळूहळू फिरताना माझं कसंबसं निभायचं. शनिवारी कोराडी ओलांडून हायवेला लागलो, वेग वाढला, आणि माझा जीव घुसमटू लागला. बोलायला माझ्याजवळ एक काटाच आहे. तो मी लाल रेघेवर नेऊन ठेवला. बॉनेटमधून वाफ निघाली. रुपरावजींनी मला कडेला घेतलं आणि इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. तेवढे ते शहाणे आहेत. पण त्रेचाळीस डिग्रीत दोघं म्हातारे तासभर रस्त्याकडेला बसले, आणि खाप्याला जाणं राहिलं.

जवळच्या मिस्त्रीने मला पाहिलं. इंजिनात एक छोटा दरवाजा असतो, थर्मोस्टॅट. पाणी केव्हा सोडायचं, केव्हा अडवायचं ते तो ठरवतो. मिस्त्रीने तोच काढून फेकला. "नागपुरात याचं काय काम?" म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढच्या शनिवारी मी पुन्हा तिथेच थांबले. मग मिस्त्री म्हणाला की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेलं, इंजिन खोलावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीत कशाला पडता?

ऋषिकेश त्या दिवशी आई-बाबांना घ्यायला धावत आला होता. आईचा लालबुंद चेहरा बघून तो घाबरला. त्याला मी दोष देत नाही.

"बाबा, पुरे झालं आता," तो म्हणाला. "येत्या शनवारी सकाळी भंगारवाल्याले बोलावतो मी."

पंचफुलाबाईंनी फक्त विचारलं, "मंग बायजाचे केस?"

म्हणून शुक्रवारी सकाळी रुपरावजी आणि पंचफुलाबाईंनी मला हळूहळू मानकापूरला संघपालच्या गॅरेजमध्ये नेलं. ऋषिकेशही आला, पण घड्याळ बघत. संघपाल पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पाना उचललाच नाही. स्टूल ओढून बसला.

"काका, गाडी उभी असली का गरम होते, का धावताना?"

"धावताना. गावात काहीच नाही. हायवेले लागली का काटा वर."

चोवीस वर्षांत मला एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. थांबल्यावर तापली तर पंख्यावर संशय घ्यायचा. धावताना तापली तर पाणी नाहीतर हवा कुठेतरी अडते आहे.

संघपालने पाणी पाहिलं, पुरेसं होतं. ऑइलची पट्टी काढली. ऑइलवर दुधासारखा पांढरेपणा नव्हता. इंजिन सुरू करून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं, आले नाहीत. नळ्या दाबून पाहिल्या.

"हेड गेलं नाही," तो म्हणाला. "काहून खोलाचं? काका, एवढ्यात काही नवीन बसवलं काय गाडीले?"

"नाही गा," रुपरावजी म्हणाले. "नवीन काहीच नाही."

ते खरंच बोलत होते. ताटी जुनी होती. शिवाय त्यांच्या मते तो बिघाड नव्हताच, इलाज होता, आणि इलाजाची तक्रार कोण सांगतो? मित्रांनो, मी आतून ओरडत होते, पण माझा काटा त्या वेळी मध्यावर होता. घशापर्यंत आलेलं सांगता येत नाही म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. रुपरावजींनी 'जुनी ताटी बांधली' हे तीन शब्द आणखी बोलावेत एवढीच माझी इच्छा होती.

संघपालने इंजिन चालू ठेवलं. पंखा फिरायला लागला. त्याने जुन्या वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि माझ्या पुढच्या जाळीवर टेकवून हात सोडला.

"पंखा हवा ओढते," तो ऋषिकेशला म्हणाला. "कागद इथं चिकटाले पाहिजे."

कागद चिकटला नाही. घरंगळून खाली पडला. संघपालने पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग त्याने गुडघ्यावर बसून जाळीतून टॉर्च मारला. आत काळंकुट्ट होतं. पक्कडीने तार तोडली, जाळी सोडवली आणि चिखलाने जड झालेली ती ताटी बाहेर ओढली. खाली पडताच मातीतून वाळ्याचा थोडासा वास आला.

"अगाई," पंचफुलाबाई म्हणाल्या, "ही तं आपली कूलरची खस."

संघपाल हसला नाही, म्हणून तो मला जास्तच आवडला. रुपरावजी मात्र एका जुन्या टायरवर बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मीच कोंडून राहिलो होतो काय गा तिले?"

"काका, ताटी कूलरले चांगली," संघपाल म्हणाला. "तिच्या मागे माणूस बसते. हिच्या मागे आग हाय. हिले वारा पाहिजे."

त्याने रेडिएटर पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुतला आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. "नागपूरच्या घराले दरवाजा लागते, तं गाडीले कसा नाही लागणार?" एवढंच म्हणाला. मग ऋषिकेशनेच मला हायवेवर नेलं. कोराडी गेली, त्याने वेग वाढवला, आणि पुढून वारा माझ्या छातीत शिरला. काय सांगू, पहिल्यांदा कारखान्याच्या फाटकाबाहेर आले होते तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. दुपारच्या उन्हात तो पाटणसावंगीपर्यंत गेला आणि काटा मध्यावरच आहे हे बघून परत फिरला. गॅरेजमध्ये उतरल्यावर त्याने भंगारवाल्याला फोन केला. "उद्या येऊ नका," म्हणाला. "गाडी खाप्याले जाऊन राहिली."

शनिवारी आम्ही खाप्याला पोचलो. शनिवार म्हणून मुलाने बायजाबाईंना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. तीन आठवड्यांचे न धुतलेले केस पदराखाली लपवले होते.

"काहून वं, दोन शनवार कुठं होती?"

पंचफुलाबाईंनी पाणी तापवता तापवता सगळी हकिगत सांगितली. बायजाबाई एवढ्या हसल्या की डोक्यावरचा पदर पडला. रुपरावजी माझ्या बॉनेटला टेकून खाली बघत होते. हसू थांबल्यावर बायजाबाई त्यांना म्हणाल्या, "वाईट नका वाटून घेऊ, जावईबुवा. माझा पोरगाही मले ऊन लागू नये म्हणून एरवी दिवसभर दार लावून जाते. मले रस्ता पाहाचा असते. त्यानं कधी इचारलं नाही, आन म्याही कधी सांगितलं नाही."

पंचफुलाबाईंचा हात केसांतच थांबला. मग त्यांनी उठून ती खुर्ची सावलीतच, पण रस्त्याकडे तोंड करून वळवली आणि पुन्हा वेणी घालायला बसल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी काहीतरी जुनं असेल, गाडी असेल, गाय असेल, माणूस असेल. त्याच्यावर माया जरूर करा, आम्ही मायेवरच चालतो. फक्त अधूनमधून विचारत जा, 'बरं वाटतं ना?' आणि ज्याला उत्तर द्यायला तोंड नाही, त्याच्याजवळ जरा जास्त वेळ उभे राहा.