पोटात चार थर

मित्रांनो, मी एक जुनं गाडगं आहे, पण आता माझंच मला नीट उमगत नाही. नव्वद साली कुरुंदवाडच्या बाजारात रत्नाबाईंनी मला बोटानं वाजवून घेतलं आणि बियाण्याला ठेवलं.

दरवर्षी त्या माझ्यात चार थर लावत. तळाला हरभरा, वर जवस, मग करडई, शेवटी शाळू ज्वारी. मध्ये चुलीची राख. तोंड शेणमातीनं लिंपत. हे बी त्या बांधाकडेच्या पट्टीत पेरत, कारण बाकी रान उसाचं होतं.

अठ्ठ्याण्णव साली त्यांचा मुलगा जयपाल म्हणाला, "आव्वा, तेवढ्यात उसाच्या दोन सऱ्या बसत्यात की."

"तिथं वर्साची आमटी उभी हाय रं!"

"आमटी काय, दुकानात मिळत्या."

पट्टी गेली. रत्नाबाईंनी मला लिंपून माळ्यावर ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "बी जपून ठेवलंय." मला अभिमान वाटे. सात वर्षं मला कुणी उघडलं नाही.

दोन हजार पाचच्या महापुरात पाणी उंबऱ्याला लागलं. जयपालनं घाईत मला ट्रॉलीत उलटं टाकलं. सांडलं काही नाही, पण थर मिसळले. परत आलो तेव्हा ऊस कुजला होता. तेव्हा जयपाल स्वतःच म्हणाला, "आव्वा, ते गाडगं काढ."

रत्नाबाईंच्या डोळ्यांना आता निवडणं जमेना. जयपालनं एक दाणा उचलला. "ही सूर्यफुलाची व्हय?"

"करडई हाय ती! आणि म्हणं शेतकरी!"

शेवटी तसंच मिसळलेलं पेरलं. शेजारचा केरबा बांधावरून ओरडला, "जयपाल, रानात भेळ केलीस व्हय?"

शाळू तुरळक आला. करडई बरी आली. जवसाची चार-पाच निळी फुलं दिसली. हरभऱ्याचा एक दाणाही उगवला नाही. रत्नाबाई सरीत बसून माती उकरत राहिल्या. "जपलं हुतं की रं मी," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, मी गोंधळतो तो इथंच. ऊस वाईट म्हणावा, तर या घरावरचा स्लॅब त्याच्याच जोरावर घातला गेला. जयपाल चुकला म्हणावं, तर मला बंद कुणी ठेवलं? आणि मी तरी कसला अभिमान बाळगत होतो?

यंदा जयपालनं दोन सऱ्या मोडून ती पट्टी पुन्हा धरली आहे. आलेल्या पिकाचं बी माझ्यात त्यानंच भरलं, आईला विचारून विचारून. माझ्यासारखं गाडगं तुमच्या घरी असेल, तर त्याला नुसतं जपू नका, दरवर्षी पेरून रिकामं करा. माझ्या तळाला हरभऱ्याच्या जागी सध्या नुसती राख आहे. रत्नाबाईंनी ती जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे.