उजव्या बुटाची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुना पांढरा बूट आहे. नीट सांगायचे तर एका जोडातला उजवा. डावा माझ्या शेजारीच पडलेला असतो, पण त्याच्या तोंडाला जन्मापासून कुलूप आहे. म्हणून दोघांच्या वतीने मलाच बोलावे लागते. आमचा मुक्काम सध्या दोन खोल्यांच्या एका घरात, दारामागे आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तळ चिकटवताना कारागिराला नेमकी शिंक आली आणि माझ्या टाचेत थोडी हवा अडकून बसली. तेव्हापासून मी चालताना कुरकुरतो. पुढे स्वभावही तसाच झाला, त्याला माझा नाइलाज आहे.

मला विकत घेतले ते नुकत्याच नर्स झालेल्या एका मुलीसाठी. तिला सगळे सिस्टर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन. घरी तिची आई मात्र तिला ठमाबाई म्हणे. सिस्टरने मला घालून आईसमोर दुकानात एक फेरी मारली आणि माझे बिंग फुटले. दुकानदार ओशाळला.

“चार दिवसांत आवाज जाईल हो, ताई.”

“राहू दे,” आई म्हणाली. “लांबूनच कळेल मला, आली ते.”

माझे आयुष्यातले पहिले कौतुक ते हेच. घरी मायलेकी दोघीच होत्या. घर जिन्याच्या अगदी शेवटी. मी खालच्या पायरीवर कुरकुरलो की वर आई चहाचे आधण ठेवायची. सिस्टरने दार कधी वाजवल्याचे मला आठवत नाही.

सकाळी निघताना मात्र दोघींची जुंपायची. सिस्टर घाईघाईने मला पायात चढवत ओरडे, “जाते गं!”

आतून उत्तर येई, “जाते नाही म्हणायचं. येते म्हण.”

“अगं, जातेय तर जातेच म्हणणार ना?”

“येते म्हण. म्हणजे पाय परत वळतात.”

सिस्टर हसत ‘येते’ म्हणे. मला मात्र ते मनापासून पटे. वळणारे पाय माझ्याच तर भरवशावर होते!

मग परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिला नोकरी लागली. त्यासाठी ती तिथली भाषा शिकली, तिने परीक्षा दिल्या आणि निघताना ती दारातच आईच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, “येते, आई.”

“म्हणालीस हं. ऐकलंय मी.”

मी प्रत्येक पायरीवर कुरकुरत उतरलो. वर दार लागल्याचा आवाज काही आला नाही.

नव्या रुग्णालयात लांबच लांब गुळगुळीत मार्गिका होत्या आणि माझा आवाज त्यात चांगलाच घुमायचा. मुख्य परिचारिकेच्या कपाळाला आठ्या पडल्या. सिस्टरने माझ्या पोटात पावडर भरली आणि मला मुके केले. त्या दिवशी मी इतका खट्टू झालो की काही विचारू नका.

माझी सुटका केली कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांनी. त्यांनी उभे आयुष्य एका उंच इमारतीत लिफ्ट चालवण्यात घालवले होते. दृष्टी अधू झालेली, पण कान तिखट. पावलांवरून माणूस ओळखायची त्यांची जुनी सवय.

“आज तुझा बूट का रुसलाय?” त्यांनी विचारले. “तो बोलला नाही तर तू आलीस हे मला कसं कळणार?”

सिस्टरने त्याच दिवशी पावडर झटकून टाकली. मुख्य परिचारिकेनेही पुढे ऐकून न ऐकल्यासारखे केले.

त्याच सुमारास सिस्टरच्या हातून एक गंमत झाली. काम संपवून निघताना तिने आजोबांचे पांघरूण सारखे केले आणि तिथल्या भाषेत, शब्दाला शब्द ठेवून, म्हणाली, “येते हं.” आता तिथल्या भाषेत ‘येते’ म्हणजे येते. आजोबांनी खुर्ची दाराकडे वळवली आणि बसून राहिले. दुसऱ्या नर्सने कितीही समजावले तरी झोपायला तयार होईनात. ‘ती येते म्हणालीय,’ एवढेच एक पालुपद.

सकाळी हे कळल्यावर सिस्टरने जीभ चावली. सगळा उलगडा करून सांगितला.

“म्हणजे जाताना तुम्ही येते म्हणता?” आजोबांनी विचारले.

“हो.”

“आणि यायला निघालात की?”

“तेव्हा म्हणतो, आलेच.”

“अजून वाटेत असताना?”

“घरातून निघालोसुद्धा नसलो तरी म्हणतो.”

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “आणि जाते कधी म्हणता?”

सिस्टर हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिली. “ते म्हणत नाही, आजोबा.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते हटकून विचारायचे, “काय म्हणायचंय?” ती आपल्या भाषेत म्हणायची, “येते.” मगच ते डोळे मिटायचे.

आईला फोन होत होते. दर वेळी रजेचे काहीतरी आडवे यायचे. “या वर्षी नाही जमत गं. पण येते लवकर.” आई तक्रार करायची नाही. “ये,” म्हणायची. बस. मला त्या एका शब्दाने चावल्यासारखे व्हायचे.

आणि मग ते झाले. वरच्या मजल्यावर माणसे कमी पडली आणि सिस्टरला एका सकाळी तडकाफडकी तिकडे पाठवले. आदल्या संध्याकाळी ती आजोबांना नेहमीसारखी ‘येते’ म्हणाली होती. वर कामाचा डोंगर होता. उद्या खाली जाऊन येऊ, उद्या नक्की, असे करता करता दिवस गेले. अखेर एकदा वेळ मिळाला. त्या दिवशी मी मुद्दाम मोठ्याने कुरकुरत निघालो, म्हटले, आजोबांना लांबूनच कळू दे.

खोलीत गादी गुंडाळून ठेवली होती. खुर्ची दाराकडे वळलेली होती.

साफसफाई करणाऱ्या मावशी तिथेच होत्या. “सगळ्यांनी सांगितलं त्यांना, तिची बदली झालीय म्हणून,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, तुम्हाला तिची भाषा कळत नाही, मला कळते. ती येणार. अगदी शेवटपर्यंत दार लावू दिलं नाही बघा.”

 मित्रांनो, त्या क्षणी माझा आवाज गेला. त्यानंतर मी कुठेच कुरकुरलो नाही, ना जिन्यावर, ना ओल्या फरशीवर. सिस्टरलाही ते कळले. ती मुद्दाम टाच दाबून पाहायची. मी गप्प.

पण पुढे त्या खोलीत पाय मोडलेली एक बाई आली. एकदा सिस्टर दारावरून जाताना तिने हाक मारली. “सिस्टर, रोज संध्याकाळी कुरकुर कुरकुर करत दारापर्यंत येता त्या तुम्हीच ना? मग आत का येत नाही?”

सिस्टरने खाली वाकून माझ्याकडे पाहिले. रोज संध्याकाळी ती वरच्या मजल्यावर असायची आणि मी तिच्या पायात असायचो. मग खाली कोण चालत होते? खरे सांगतो, मला अजूनही त्याचे भय वाटते.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. सिस्टर कपडे बदलण्याच्या खोलीत माझे बंद सोडत होती. काकूंचा आवाज मोठा, मला सगळे ऐकू आले.

“अगं, तुझ्या आईचं काही खरं नाही. अंगात त्राण उरलं नाही, तरी जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसते. काल पोस्टमन आला तर त्याच्यासाठी चहा टाकला. आणि दार लावू देत नाही गं.”

सिस्टरच्या हातातला बंद तसाच राहिला. त्याच दिवशी तिने नोकरी सोडत असल्याचे कळवले. निघायच्या दिवशी ती कोपऱ्यातल्या खोलीपाशी गेली. आजोबांपुढे कधी न उच्चारलेला शब्द तिने आपल्या भाषेत उच्चारला. “जाते, आजोबा.” तो शब्द मीही पहिल्यांदाच इतक्या हळू ऐकला.

मग तो आमचा जिना आला. मी जिवाच्या आकांताने कुरकुरायचा प्रयत्न केला. पायरीमागून पायरी गेली, आवाज म्हणून निघेना. वर दार सताड उघडे होते. आत खुर्ची दाराकडे वळवलेली आणि तिच्यात आई, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. सिस्टर उंबरठ्याबाहेरच थिजली. हाक मारायचीसुद्धा तिला हिंमत होईना.

तेवढ्यात कुरकुर वाजली. अगदी स्पष्ट, अगदी माझीच. पण मी तर जागचा हललोही नव्हतो.

आईने डोळे उघडले. “आलीस?”

“आले,” सिस्टर म्हणाली आणि मला पायातून काढायचेही विसरून आत धावली.

आई हळूहळू सावरली. सिस्टर आता जवळच्याच दवाखान्यात जाते, नव्या मऊ बुटांत. मी पडून असतो, अंगावर धूळ बसते. माझी तक्रार नाही. मात्र मित्रांनो, एक विनवणी आहे. कोणाला ‘येते’ किंवा ‘येतो’ म्हणून निघालात, तर ते विसरू नका. मागे कोणीतरी ते खरे धरून बसलेले असते.

अजूनही कधी संध्याकाळी, घरात सगळे जागच्या जागी असताना, जिन्यावर कुरकुर वाजते. आई आतून विचारते, “कोण गं?”

सिस्टर जागची उठत नाही. “आजोबा असतील,” म्हणते. “दार राहू दे उघडं.”